गाळ, ॲझिमथ आणि अकरा मिनिटांचं बारसं : सांगलीतल्या एका डब्याचं प्रकरण

सांगलीच्या गावभागातल्या एका घरातून पत्र्याचा डबा कामाला आला. आत अकरा कॅसेट्स होत्या आणि त्यांतल्या नवांच्या खिडकीतून टेप दिसतच नव्हती, दिसत होता तो वाळलेला गाळ. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. डबा तळमजल्यावरच्या कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात होता. पाणी ओसरल्यावर तो दोन दिवस उन्हात ठेवला गेला आणि मग पोटमाळ्यावर गेला. पुढची काही वर्षं तिथेच.

उन्हात ठेवणं चूक, पण समजण्यासारखी. सगळं गाव तेव्हा सगळंच उन्हात वाळवत होतं. दुसरी चूक महागात पडली. घरातल्या कुणीतरी एक कॅसेट जुन्या टू-इन-वनमध्ये घालून 'वाजते का' पाहिलं. अर्धा मिनिट वाजली आणि गुंतली. भिजून वाळलेली कॅसेट वाजवून पाहणं म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारं हेड पॉलिश पेपरवर घासणं. कृष्णेकाठचा काळा गाळ हाताला मऊ लागतो, पण त्यात बारीक वाळू असतेच.

डब्यात काय होतं

दोन कॅसेट्स मालकांनी स्वतः भरलेल्या होत्या. विद्यार्थी म्हणून मुंबईत असताना, धोबी तलावच्या रंगभवनात झालेल्या एका रॉक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग प्रेक्षकांत बसून, मांडीवरच्या मोनो रेकॉर्डरवर केलेलं. आठ कॅसेट्स परदेशी मैफिलींच्या, म्हणजे तिकडच्या कुणीतरी प्रेक्षकांतून चोरून भरलेल्या टेपच्या प्रतीची प्रत. पत्रमैत्रीतून, अदलाबदलीतून फिरत फिरत इथवर आलेल्या. अकरावी कॅसेट बिनलेबलची.

लेबलांचं सांगायचं तर स्केचपेनने आणि शाईच्या पेनाने लिहिलेलं सगळं धुऊन गेलं होतं. बॉलपेनचं निम्मं वाचता आलं. पेन्सिलीने लिहिलेलं जसंच्या तसं. त्यामुळे कामाच्या सुरुवातीला प्रत्येक कॅसेटला जो क्रमांक दिला तो पेन्सिलीनेच, जाड कागदाच्या पट्टीवर लिहून, दोऱ्याने बांधून. उघडण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढले. कोणत्या बाजूच्या गाडीवर (टेप गुंडाळायच्या दातेरी चाकावर) टेप जास्त आहे हेही टिपलं, कारण कवच उघडल्यावर 'ए' कुठली आणि 'बी' कुठली याचा घोळ होतोच होतो.

या लेखात मुख्यतः दोन कॅसेट्सबद्दल आहे : कॅसेट १ (रंगभवन, सी-९० म्हणजे ९० मिनिटांची) आणि कॅसेट ४ (एका अमेरिकी मैफिलीची फिरती प्रत). बाकीच्या जिथे काही वेगळं शिकवून गेल्या तिथेच येतील.

उघडणं आणि धुणं

पाण्याने टेपवरचा आवाज जात नाही, हे आधी स्पष्ट केलेलं बरं. पॉलिएस्टरच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो आणि त्यातलं चुंबकत्व पाण्याला दाद देत नाही. बिघडतं ते बाकीचं : स्क्रू गंजतात, टेप हेडवर दाबणाऱ्या प्रेशर पॅडचा फेल्ट कुजतो, आतले गुळगुळीत कागद पॅकला (गुंडाळलेल्या टेपच्या चकतीला) चिकटतात, बुरशी धरते. आणि गाळ.

सहा कॅसेट्स पाच स्क्रूंच्या होत्या, पाच चिकटवलेल्या कवचाच्या. गंजलेल्या स्क्रूवर तेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारायचा नाही. तो झिरपून टेपपर्यंत जातो आणि मग निघत नाही. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर दोन-तीन सेकंद टेकवलं की भोवतालचं प्लास्टिक सैल पडतं आणि बारीक फिलिप्सने स्क्रू फिरतो. चिकटवलेल्या कवचाला सांध्यावर कटरचं पातं ठेवून हलकेच ठोकत जायचं, सुरुवात हेडच्या उघड्या बाजूच्या विरुद्ध कडेने. बुरशीचं काम असल्यामुळे एन-९५ मास्क आणि हातमोजे. बुरशीच्या वासाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांना नंतर आठवडाभर खोकला पुरतो.

कवचाचा वरचा अर्धा भाग उचलताना कॅसेट टेबलावर सपाट हवी. टेपची चकती सैल गुंडाळलेली असेल तर मधली गाडी निसटून खाली पडते आणि ९० मिनिटांची टेप कोशिंबिरीसारखी पसरते. सी-९० मध्ये सुमारे १३५ मीटर टेप असते. ती हाताने परत गुंडाळायची वेळ शत्रूवरही येऊ नये. चकतीवर दोन बोटं दाबून धरत, गाडीसकट, उथळ ट्रेमध्ये सरकवायची.

पाणी डिस्टिल्ड. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा कॅन मिळतो तो चालतो, फक्त ॲसिडचा कॅन उचलला नाही ना हे पाहायचं. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार वाळल्यावर पांढरे ठिपके होऊन टेपवरच बसतात. चकती पाण्यात दहा मिनिटं ठेवून ट्रे हळूहळू हेलकावायचा, पाणी बदलायचं. कॅसेट १ ला पाच पाणी लागली. पहिलं पाणी चहासारखं, पाचवं स्वच्छ. साबण वापरला नाही.

वाळवणं सगळ्यात कंटाळवाणं. चकत्या सुती, धागे न सुटणाऱ्या कापडावर कडेवर उभ्या केल्या, पंखा लांबून, मंद. हेअर ड्रायर नाही, ऊन नाही, ओव्हन तर नाहीच. रीळच्या काही व्यावसायिक टेप चिकट होतात तेव्हा त्यांना ठरावीक सौम्य उष्णता देतात, ते ऐकून लोक कॅसेटही भाजायला निघतात. तो रोग वेगळा. इथे भाजल्याने पॅक आक्रसून वाकडा होण्याची भीती जास्त. काम पावसाळ्यात निघालं होतं आणि सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये हवेत ओल मावत नाही, म्हणून विश्रामबागेतल्या एसीच्या खोलीत, आर्द्रतामापकावर ४५ टक्क्यांच्या आसपास धरून, तीन दिवस ठेवल्या. घाई करून ओलसर चकती गुंडाळली की थर एकमेकांना चिकटतात.

पुसणं : ही पायरी टाळली तर काय होतं

धुऊन वाळवलेली कॅसेट ३ पुसल्याशिवाय थेट नव्या कवचात घालून लावून पाहिली. चार मिनिटांत हेडवर तपकिरी थर आणि आवाज उशीखालून येतोय असा. यामागचं गणित पाहण्यासारखं आहे. कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. म्हणजे १०,००० हर्ट्झचा एक पूर्ण तरंग टेपवर फक्त ४.७६ मायक्रॉन जागा घेतो. टेप आणि हेड यांच्यात अंतर पडलं की जितकं अंतर त्या तरंगलांबीच्या प्रमाणात, त्याच्या ५४.६ पट डेसिबल नुकसान होतं. एक मायक्रॉन गाळ, म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही इतका. १०,००० हर्ट्झवर साडेअकरा डेसिबल गेले. १,००० हर्ट्झवर मात्र जेमतेम सव्वा. म्हणून ढोल-बास ठीक वाटतात आणि झांजा नाहीशा होतात, आणि माणूस म्हणतो, 'टेप जुनी झाली, हाय गेले.' हाय टेपवरच असतात. हेडपर्यंत पोचत नाहीत.

म्हणून प्रत्येक टेप एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर हाताने गुंडाळली, वाटेत चिमटीत धरलेल्या धागारहित कापडाच्या दोन घड्यांमधून. सहा कोनांची पेन्सिल गाडीच्या दात्यांत नेमकी बसते. लहानपणी टेप गुंतल्यावर जी वापरायचो तीच. सी-९० ला साधारण बाराशे फेरे. कापड दर शंभरेक फेऱ्यांनी बदललं. दाब इतकाच की कापडावर तपकिरी रेघ न उमटता राखाडी उमटेल : राखाडी म्हणजे गाळ, तपकिरी म्हणजे ऑक्साइड निघतोय, थांबा. कॅसेट १ ला सव्वा तास लागला. कंटाळा आला की उठायचं; कंटाळलेल्या हाताने टेप ताणली जाते. सी-९० ची टेप सुमारे १२ मायक्रॉन जाड असते, ताण तिला सहन होत नाही.

गुंतलेल्या टेपच्या चुण्या (कॅसेट २) बोटांनी सरळ केल्या आणि तुटलेली दोन टोकं ३.८ मिलिमीटरच्या खास स्प्लायसिंग टेपने, पाठीच्या बाजूने जोडली. सेलोटेप कधीच नाही. तिचा डिंक बाहेर ओघळतो, पुढच्या थराला धरतो आणि दहा वर्षांनी तिथे नवा खड्डा पडतो. चुणी पडलेल्या चार सेकंदांत आवाज आता लाटेसारखा वरखाली होतो. तो तसाच राहणार.

दुसऱ्याचं कवच

पाच स्क्रूंच्या चांगल्या कोऱ्या कॅसेट्स फोडून त्यांची कवचं घेतली. बसवताना चार गोष्टी राहतात : दोन्ही कोपऱ्यांतले रोलर आपापल्या खुंटीवर आहेत का, दोन्ही बाजूंचे गुळगुळीत कागद बसले का, प्रेशर पॅडच्या मागची लोखंडी पत्री विसरली नाही ना, आणि ऑक्साइडची बाजू बाहेर, हेडकडे तोंड करून आहे ना. शेवटची चुकली तर आवाज येतो, पण असा की रेडिओ शेजारच्या घरात लागलाय.

इथे एक चकवा लागला. कॅसेट ६ आणि ९ क्रोमच्या होत्या, म्हणजे लोहाऐवजी क्रोमियमच्या ऑक्साइडच्या. डेक (कॅसेट वाजवणारं यंत्र) टेपचा प्रकार ओळखतो तो कवचाच्या वरच्या कडेवरच्या खाचांवरून, आतल्या टेपवरून नव्हे. क्रोमची टेप साध्या कवचात गेली, डेकने ती साधी समजून ७० ऐवजी १२० मायक्रोसेकंदाचं इक्वलायझेशन (वरच्या-खालच्या सुरांचा समतोल) लावलं आणि वरचे सूर साडेचार डेसिबलहून जास्त उचलले गेले. ऐकणाऱ्यांना वाटलं, वा, धुतल्यावर काय खुलली! दोन तास सगळे खूश होते. मग कवचातल्या खाचा आठवल्या. दोन्ही परत उघडून क्रोमच्या कवचात घातल्या.

डेकवर

डेक तीन हेडचा, ३,००० हर्ट्झच्या टेस्ट टेपने वेग लावून घेतलेला. हेड आणि कॅप्स्टन (टेप ओढणारा दांडा) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, टेप त्या दांड्यावर दाबणाऱ्या पिंच रोलरचं रबर नुसत्या ओल्या कापडाने. या कामात प्रत्येक बाजूनंतर साफसफाई करावी लागली, एरवी दहा तासांनी करतात.

रंगभवनची टेप मोनो. मोनो रेकॉर्डर एका बाजूला दीड मिलिमीटर रुंद एकच पट्टा भरतो. स्टिरिओ डेकचं हेड तोच पट्टा दोन अरुंद पट्ट्यांत वाचतं, प्रत्येकी सुमारे ०.६ मिलिमीटर, मध्ये थोडी फट. म्हणजे एकाच आवाजाच्या दोन प्रती हातात येतात, आणि याचे दोन फायदे. एक, ॲझिमथ म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन लावायला यासारखं साधन नाही. दोन्ही पट्ट्यांच्या मध्यांमधलं अंतर जवळपास ०.९ मिलिमीटर, हेड अंशाच्या एक दशांश जरी कललं तरी एक पट्टा दुसऱ्याच्या दीड मायक्रॉन पुढे जातो आणि १०,००० हर्ट्झवर हा तरंगाचा एक तृतीयांश झाला. दोन्ही चॅनेल एकत्र करून ऐकत हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू एकेक अष्टमांश फेरा फिरवायचा. झांजा एका जागी एकदम उघडतात, तिथे थांबायचं. स्क्रूची मूळ जागा आधी रंगाच्या ठिपक्याने खुणावून ठेवायची. आणि बाजू बदलली की पुन्हा लावायचं.

दुसरा फायदा : कडेकडच्या पट्ट्यात पुराची झळ जास्त होती, आवाज जागोजागी बुडत होता. आतला पट्टा बराच शाबूत. जिथे दोन्ही चांगले तिथे बेरीज केली (आवाज नेमका जुळतो, खरखर जुळत नाही, म्हणून तीन डेसिबलपर्यंत फायदा), जिथे कडेचा बुडाला तिथे फक्त आतला. हे ऑडेसिटी या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने, नव्वद-एक ठिकाणी.

रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. सर्वांत मोठा आवाज उणे ८ डेसिबलच्या आसपास. याहून वर भरायची गरज नाही, टेपची खरखर २४ बिटच्या तळापेक्षा फारच वर असते. ४५ मिनिटांच्या एका बाजूची वेव्ह फाइल सुमारे १.५६ जीबी. डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) डेकवर बंद ठेवला. लेबल धुतलेल्या कॅसेट्सवर तो होता की नव्हता हे ठरवण्याआधी डीकोड करणं म्हणजे उरलेसुरले हाय गमावणं.

बॅटरी उतरली की सूर चढतो

कॅसेट १ ची बाजू 'ए' सरळ होती. बाजू 'बी' वर विसाव्या मिनिटानंतर गाणी हळूहळू चढायला लागतात. तेहतिसाव्या मिनिटाला गायक दुसराच कुणी वाटतो. कारण सोपं आहे, फक्त उलटं आहे. कार्यक्रमात रेकॉर्डरचे सेल उतरत गेले, मोटर मंदावली, टेप हळू सरकली. तीच टेप आता बरोबर वेगाने वाजवली की आवाज जलद आणि चढा.

किती चढा? दोन साक्षीदार होते. गाण्यांच्या मधल्या शांततेत गिटारच्या ॲम्प्लिफायरची घुमघुम, म्हणजे विजेचा हम, १०० हर्ट्झच्या आसपास (विजेच्या ५० ची दुप्पट). आणि दोन गाण्यांतला इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड, ज्याचा 'ए' कारखान्यातूनच ४४० ला लावलेला. बाजूच्या सुरुवातीला हम १००.० वर दिसला, शेवटी १०४.० वर. फक्त हम पाहिला असता तर सुरुवातीचा वेग अचूक आहे असं मानून मोकळे झालो असतो. पण की-बोर्ड सुरुवातीलाच ४४२ सांगत होता आणि शेवटी ४५९.

दोघांपैकी खरं कोण? की-बोर्ड. आपल्याकडे त्या काळी विजेची वारंवारता ५० वर ठाम नसे. मागणी वाढली की ४९ च्याही खाली उतरे. या टेपवर हिशेब केला तर त्या संध्याकाळी मुंबईत ती ४९.८ च्या आसपास निघते. परदेशी टेपसाठी हमला प्रमाण मानायची सवय इथल्या टेपला जशीच्या तशी लावता येत नाही. म्हणून खुंट्या की-बोर्डवरून ठोकल्या आणि दोन खुंट्यांमधला वळसा हमवरून काढला, दर दीड-दोन मिनिटांनी एक बिंदू. शेवटाला वेग ४.३ टक्के, म्हणजे अर्ध्या टोनच्या जवळपास तीन चतुर्थांश, चढा होता; तो खाली आणला. हे करताना वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलणारं साधन वापरायचं. वेळ तशीच ठेवून फक्त सूर उतरवणारं नव्हे. बिघाड टेपच्या सरकण्याचा आहे, तर दुरुस्तीही सरकण्याचीच.

रेकॉर्डरच्या आपोआप आवाज सांभाळणाऱ्या सर्किटने ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला गिटार दाबली आहे आणि ठोका सरला की ती फुगून वर येते. हे सोडवायचे दोन प्रयत्न झाले. दोन्हींत मूळ बरं वाटलं. तसंच ठेवलं.

आणि मग बारसं

चौतिसाव्या मिनिटाला गाण्याच्या मध्येच, पाव-एक सेकंद दोन आवाज एकावर एक ऐकू येतात आणि पुढची अकरा मिनिटं बारशाची आहेत. पाळणा, बायकांचा गलबला, भांड्यांचा आवाज, एक रडणारं बाळ. कॅसेटच्या मागच्या कडेवरचे दोन कान मोडलेले नव्हते. ते मोडले की रेकॉर्डचं बटण दाबलं जात नाही. नाही मोडले तर कधीतरी कुणीतरी बारसं भरतंच. तो क्षणभराचा दुहेरी आवाज म्हणजे पुराव्यासारखा : इरेज हेड आणि रेकॉर्ड हेड यांच्यामधली टेप पुसली न जाता तिच्यावर नवं भरलं गेलं. तिथून पुढे मैफल गेली ती गेली. 'खालून आवाज काढता येईल का' याचं उत्तर नाही असंच आहे.

बारसं घरच्या टू-इन-वनवर, विजेवर भरलेलं, त्यामुळे वेग बरोबर, पण ॲझिमथ वेगळा. त्या अकरा मिनिटांसाठी हेड पुन्हा लावून स्वतंत्र रेकॉर्डिंग केलं. मालकांना मैफलीचं तुटलेलं गाणं जिव्हारी लागलं होतं. त्यांच्या पत्नीने ऐकून एवढंच म्हटलं, "अहो, रॉक राहू दे हो बाजूला. सासूबाईंचा आवाज आहे तो. आधी तेवढं द्या." तीच फाइल सगळ्यात आधी पोचवली गेली.

कॅसेट ४ : ६० चा हम आणि ५० चा हम

फिरत्या प्रतींत हमच वंशावळ सांगतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आणि वारंवारता घट्ट सांभाळलेली. आपल्याकडे ५० ची. कॅसेट ४ च्या स्पेक्ट्रममध्ये (आवाजातल्या वारंवारतांच्या आलेखात) दोन्ही रेषा दिसल्या : एक ५० जवळ, एक ६१.८ वर, आणि तिच्याशेजारी पुसटशी ६१.२ वर. ५० ची रेषा संगीत सुरू होण्याआधीच्या कोऱ्या टेपवरही आहे, म्हणजे ती इथे प्रत काढताना शिरली. ६१.२ ची रेषाही संगीताच्या आधी काही सेकंद सुरू होते. ती तिकडच्या प्रतीची. ६१.८ ची मात्र प्रेक्षकांच्या आवाजाबरोबर उगवते, माइक हलला की कमीजास्त होते. ती सभागृहातली. एकामागोमाग झालेल्या सगळ्या वेगचुका फक्त तिनेच सोसल्या आहेत, म्हणून वेग ठरवायचा तो तिच्यावरून : ६१.८ भागिले ६०, म्हणजे ३ टक्के जलद. तेवढी उतरवल्यावर हार्मोनिका नेमकी सुरात आली.

म्हणजे ही निदान तिसरी पिढी. ही माहिती टेपबरोबर लिहून ठेवणं दुरुस्तीइतकंच गरजेचं, कारण पुढे कुणाच्या हाती दुसरी पिढी लागली तर आपली बाजूला ठेवायची हे त्याला कळायला हवं.

सॉफ्टवेअर

इथे थोडक्यात. गाळामुळे उडालेले छोटे टकटक हाताने काढले. हमच्या रेषा अरुंद फिल्टरने कमी केल्या, शून्य नाही. ३०० हर्ट्झच्या खाली मांडीवरच्या रेकॉर्डरची घुसमट होती ती ३-४ डेसिबल उतरवली. नॉइज रिडक्शन कुठल्याही कॅसेटला लावलं नाही. लावलं की टाळ्या पाण्यात पडल्यासारख्या वाजतात आणि झांजांना शेपूट फुटतं. आणि जो पुढे आपल्याहून चांगलं साधन घेऊन बसेल त्याच्यासाठी काही उरत नाही. उघड्या रंगमंचाची हवा त्या खरखरीतच आहे.

दोन फोल्डर केले. 'मूळ' : डेकवरून आलं तसं, हात न लावलेलं. 'दुरुस्त' : वेग आणि टकटक सुधारलेलं. दोन्ही फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार), प्रत्येक फाइलचा एमडी५ (फाइल बदलली नाही हे तपासायचा आकडा) सोबत, आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये वंशावळ : कोणत्या प्रकारच्या रेकॉर्डरवर, टेपचा प्रकार, कवच बदलल्याची नोंद, डेक, ॲझिमथ, वेग किती टक्के बदलला आणि कशावरून. एमपी३ फक्त मालकांच्या फोनसाठी. ती पुढे फिरवायची नाही. एमपी३ पासून परत केलेली फ्लॅक १६ किलोहर्ट्झवर कापलेली सापडते आणि मग सगळ्यांवरचाच विश्वास उडतो. दोन हार्ड डिस्क : एक सांगलीत, वरच्या मजल्यावर, दुसरी मिरजेतल्या नातेवाइकांकडे.

कुणाला द्यायचं

टेप आपल्या कपाटात होती म्हणून तिच्यातलं गाणं आपलं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराचा हक्क आला (कलम ३८) आणि त्याची मुदत आता ५० वर्षं आहे. गाण्याचे शब्द आणि संगीत यांचा हक्क वेगळा : रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. रंगभवनच्या टेपमध्ये निम्मी गाणी परदेशी बँडची, इथल्या मुलांनी गायलेली. म्हणजे एकाच टेपवर दोन थर.

ठरलं ते असं. स्थानिक बँडच्या सदस्यांना मालकांनी शोधून ईमेल लिहिले. तिघांची आणि हयात नसलेल्या चौथ्याच्या कुटुंबाची संमती आली. त्यांची स्वतःची गाणी दुरुस्त फोल्डरसकट त्यांच्या हवाली केली. कुठे आणि कशी ठेवायची ते त्यांनी ठरवायचं. दुसऱ्यांची गाणी त्यांच्याकडे आणि मालकांकडे, व्हिडिओ साइटवर नाहीत. विकायचं काहीच नाही, टेपच्या टपालखर्चाच्या नावाखालीही नाही. सगळ्या जुन्या अदलाबदलीत हाच एक नियम पाळला जायचा.

आठ परदेशी प्रतींपैकी फक्त एक अशा बँडची, ज्याने प्रेक्षकांना उघडपणे रेकॉर्डिंग करू दिलं : ग्रेटफुल डेड. १९८४ पासून त्यांच्या मैफलीत टेप करणाऱ्यांसाठी वेगळी बसण्याची जागा असे. इंटरनेट आर्काइव्हवर २००२ पासून अशा परवानगी दिलेल्या बँडच्याच मैफिलींचा संग्रह आहे. तिथे शोधलं तर त्याच तारखेची याहून कमी पिढीची प्रत आधीच होती. सांगलीची प्रत चढवली नाही. कमी दर्जाची दुसरी प्रत टाकून गर्दी वाढवण्यात अर्थ नाही. उरलेल्या सात प्रती मालकांना त्यांच्या वापरासाठी दिल्या आणि तिथे थांबलो.

कॅसेट ७ वाजलेलीच नाही. चकतीचे थर एकमेकांत धरले आहेत. धुतल्यावरही कडेने टेप उचलताना ऑक्साइड सुटून शेजारच्या थराला चिकटतो. ती आता नव्या कवचाशिवाय, गाडीसकट, आम्लरहित कागदात गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात आहे. डब्यावर पेन्सिलीने लिहिलं आहे : 'क्र. ७, थर चिकटलेले, वाजवू नये, डिसेंबरात पाहणे.'